साखराआत्यानं ठेवलेलं नाव

गहिनीनाथला साखराबाई पहिल्यांदा दिसली ती शिडीवरून. चौसाळ्यात ओढ्याकडच्या गल्लीत तो इंटरनेटची वायर ओढत होता. खांबाला शिडी लावून वर चढला, कामात गुंतला, आणि बऱ्याच वेळानं खाली पाहिलं तर एक बाई दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून उभी. ओळख ना पाळख. त्यानं धरायला सांगितलंही नव्हतं. मान वर करून ती बघत होती खरी, पण तिची नजर त्याच्यावर नव्हती, त्याच्यापासून हातभर बाजूला होती. बाईला नीट दिसत नाही हे त्याला तेव्हाच कळलं. खाली उतरल्यावर आणखी एक गोष्ट कळली. बाई इकडं शिडी धरून उभी होती तेवढ्यात तिच्या शेळीनं त्याच्या पिशवीतली भाकरी फडक्यातून ओढून फस्त केली होती.

साखराबाईनं शेळीला दोन शिव्या घातल्या, जेवणाची पिशवी भुईवर ठेवली म्हणून गहिनीनाथलाही एक घातली, आणि मग त्याला घरी नेऊन ओसरीवर पिठलं-भाकरी वाढली. तेव्हापासून तो तिला आक्का म्हणायला लागला. गल्लीतली बाकी सगळी, पोरंसोरं आणि त्यांच्या आयासुद्धा, तिला आत्या म्हणायची.

खरं म्हणजे ती कुणाचीच आत्या नव्हती. तिला एकच भाऊ, रामहरी. आई गेली तेव्हा तो रांगत होता. साखराबाईनंच त्याला वाढवला. पुढं तिचं लग्न धर्मापुरीकडं झालं, पण मूल होईना म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि ही चार भांडी घेऊन भावाकडं परत आली. मग कैक वर्षं तिनं कोयता घेऊन ऊस तोडला. एका हंगामात उसाचं पातं डोळ्यात गेलं, त्या डोळ्यात फूल पडलं. दुसऱ्यात मोतीबिंदू उतरत आला तसा तिनं कोयता सोडला. आता रामहरी आणि त्याची बायको बबिता दसऱ्यानंतर तोडीला जायची आणि साखराबाई घर, शेळ्या आणि कुलूप सांभाळायची. त्या दोघांनाही लग्नाला बरीच वर्षं होऊन पाळणा हलत नव्हता. साखराबाई त्याबद्दल कधी बोलली नाही. मात्र माळ्यावरचा जुना लाकडी पाळणा दर दिवाळीला खाली काढून पुसायची आणि परत वर ठेवायची.

त्या वर्षी बबिता पोटुशी असतानाच तोडीला गेली. साखराबाईनं आडवं येऊन पाहिलं. पण तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकट्या रामहरीला कोण नेणार? दिवस भरायच्या आत माघारी येऊ, असं तो सांगून गेला. कारखान्याचं गाळप लांबलं, आणि बाळ कुणाचं ऐकून थोडंच थांबतं. दूर पश्चिमेकडं कारखान्याच्या अड्ड्यावर त्यांची ऊसतोडीची टोळी उतरली होती. तिथल्याच सरकारी दवाखान्यात बबिताला मुलगी झाली. दोघी खुशाल होत्या.

शेजारची मनिषा आपला फोन घेऊन धावत आली. रामहरीनं बाळाचा फोटो पाठवला होता. साखराबाईनं फोन कधी नाकाजवळ नेला, कधी हात लांब करून धरला, मान तिरकी करून पाहिलं. शेवटी हळूच म्हणाली, "मनिषा, मला नुसतं फडकं दिसायलंय गं. ह्यात लेकरू कुठं हाय?"

बारसं अड्ड्यावरच, त्यांच्या पाचटाच्या कोपीत करायचं ठरलं. मुकादमानं दुपारी ट्रॅक्टर भरायला येईपर्यंत टोळीला सुट्टी दिली. आणि मुकादमाची बायको सरस्वतीबाई, मनानं चांगली बाई, तिनं फोनवर साखराबाईला सांगितलं, "तुमी घोर करू नका. आत्या म्हणून मी उभी राहते की."

त्या रात्री साखराबाई जेवली नाही. भावाच्या घरात तिनं कधी काही मागितलं नव्हतं. पण भावाच्या लेकराच्या कानात नाव घालायचं ते आत्यानं. तो मान तिचा होता, आणि तो दुसरीला द्यायला तिचं मन धजेना. नुसत्या फोनमध्ये तोंड घालून फडक्याला नाव ठेवायचं हेही तिला पटेना. तोंड बघितल्याबिगर नाव कसं सुचायचं, असं तिचं म्हणणं.

तोड काढली मनिषानं. रामहरीनं मागच्या हंगामानंतर मोठा टीव्ही घेतला होता, इंटरनेटवर चालणारा. साखराबाई त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली की माणसांचे चेहरे तिला ओळखू यायचे. मनिषाच्या फोनवरचं चित्र त्या टीव्हीवर टाकलं तर बाळ दिसलं असतं. त्यासाठी फोन आणि टीव्ही दोन्ही घरच्या वायफायला जोडायला हवे होते. मनिषानं टीव्हीवरचं फडकं काढलं, बटण दाबलं, आणि टीव्हीनं इंटरनेट नाही म्हणून सांगितलं. भावजय तोडीला गेल्यापासून साखराबाईनं टीव्ही लावलाच नव्हता. एकटीनं टीव्ही बघणं तिला बरं वाटायचं नाही.

मनिषानं अंगणात जाऊन गहिनीनाथला फोन लावला. तो तेव्हा मांजरसुंब्याला होता. तिथं रस्त्याच्या खोदकामात वायर तुटली होती आणि ढाबेवाले त्याच्या नावानं ओरडत होते. त्यानं फोनवरूनच इलाज सांगायला सुरुवात केली. वायफायच्या डब्यावरचा दिवा लागलाय का? साखराबाई माजघरात जाऊन आली, म्हणाली लागलाय. हिरवा का लाल? तेवढं तिला दिसायचं. हिरवा. डबा बंद करून परत चालू करा. तीही करून आली. मग टीव्ही बंद-चालू झाला, पासवर्ड दोनदा टाकून झाला. टीव्हीच्या यादीत तुमच्या घरचं नाव दिसतंय का, असं त्यानं विचारलं. मनिषा म्हणाली, कधी दिसतंय, कधी न्हाई. ह्यावरून गहिनीनाथनं अनुमान काढलं, की डबा ठीक आहे आणि टीव्हीतच बिघाड आहे, तो बीडला दुकानात न्यावा लागेल.

पण बारशाच्या दिवशी सकाळी मनिषाचा परत फोन आला. आत्यानं घर सारवलंय, पाळणा खाली काढलाय, गल्लीतल्या बायकांना बोलावणं पाठवलंय, असं ती सांगत होती. टीव्ही चालू न्हाई झाला तर मग, असं गहिनीनाथनं विचारलं. मनिषा म्हणाली, "तेच तर. आत्या म्हणती, गहिनीनाथ येतोय."

आपण येतो असं तो म्हणाला नव्हता. त्यानं अर्धी जोडलेली वायर तशीच सोडली, ढाबेवाल्यांचं बोलणं पाठीवर घेतलं आणि मोटारसायकलला किक मारली.

घर बायकांनी भरलं होतं. माजघरातून हरभऱ्याच्या घुगऱ्यांचा वास येत होता. पाळण्याला फुलं लावलेली, आणि आत बाळाच्या जागी झबलं-टोपडं घालून वरवंटा निजवलेला. बारशाला वरवंटा पाळण्यात घालायची रीत आहेच. इथं बाळच हजर नसल्यानं त्याचा थाट जरा जास्त झाला होता. एका बाईनं त्याला तीटही लावली होती.

गहिनीनाथ ओसरीवरच थांबला. कर्ता पुरुष घरी नसेल तर ओसरीच्या आत पाय टाकायचा नाही, असा त्याचा नेम होता. ऊसतोडीच्या दिवसांत ह्या भागातली निम्मी घरं बायांच्या आणि म्हाताऱ्यांच्या भरवशावर असतात. अशा घरांत कामाला जायचं तर माणसानं जपून असावं, असं त्याला वाटे, आणि म्हणूनच लोक त्याला बिनघोर बोलवत. टीव्ही ओसरीवरच होता. वायफायचा डबा त्यानं रामहरी घरी असताना माजघरात खिळ्याला अडकवून दिला होता.

आधी त्यानं टीव्हीची परीक्षा घेतली. स्वतःच्या फोनवरून इंटरनेट दिलं, तर टीव्हीनं फोन लगेच ओळखला. म्हणजे टीव्ही धडधाकट होता. तो बीडला न्यायची गरज नव्हती. पण एवढ्यानं भागणार नव्हतं. घर ओढ्याच्या उतारावर, वर पत्रे. घरात फोनला रेंज म्हणून येत नसे, वायफाय घेतलं तेच त्यासाठी. गहिनीनाथनं फोन अंगणात नेला, पत्र्याला लावलेल्या शिडीवर ठेवला, तरी टीव्हीवर एक गोल चक्र फिरत राहिलं. दवाखान्यातली माणसं नाडी बघणाऱ्याकडं बघतात तशा बायका त्या चक्राकडं बघत बसल्या.

तिकडून रामहरीचा फोन आला. अंगणात जाऊन मनिषानं घेतला. लेकरू नटवून तयार आहे, सगळे जमलेत, आणि ट्रॅक्टर निघाल्याचा निरोप आलाय, असं तो सांगत होता. सरस्वतीबाईला पुढं बसवू का, असंही त्यानं विचारलं. मनिषानं ते साखराबाईला सांगितलं नाही. पण तिचे कान तिखट होते.

"गहिनीनाथ," ती म्हणाली, "न्हाई जमलं तर तसं सांग. मी राग धरणार न्हाई."

"जरा दम धरा, आक्का. आत जाऊन डब्याचा दिवा एकदा बघून या."

ती आत गेली. टीव्हीच्या यादीत घरच्या वायफायचं नाव उमटलं. गहिनीनाथनं रिमोट उचलला, पासवर्ड टाकायला घेतला, तोवर साखराबाई बाहेर आली. नाव गेलं.

"हिरवा हाय," ती म्हणाली.

त्यानं तिला परत आत पाठवलं, दिवे किती आहेत ते मोजून यायला. ती आत गेली, नाव आलं. ती बाहेर आली; नाव गेलं. गहिनीनाथ रिमोट हातात धरून तिच्याकडं बघत राहिला. त्याच्या सगळ्या धंद्यात असलं कधी झालं नव्हतं.

"आक्का, तुमी आत गेल्या की येतंय, भाईर आल्या की जातंय."

दारातल्या बायकांना आता राहवेना. साखराबाईच्या अंगातच रेंज हाय, असं एक म्हणाली. तिच्या शेजारची म्हणाली, मग तिला पत्र्यावर बसवा, सगळ्या गल्लीला फुकटात पुरंल. साखराबाईनं तिला तिथंच गप्प केलं, की तुझ्या नवऱ्याला बसव, घरात तरी त्याचा काय उपयोग हाय.

हसणं चालू होतं, पण गहिनीनाथ हसत नव्हता. मघाशी दोन्ही वेळा आत पत्र्याचा आवाज झाला होता. घुगऱ्यांचं भांडं असेल म्हणून त्यानं कान दिला नव्हता.

"आक्का, तुमी आत जाऊन नेमकं काय करता?"

"काय करते म्हंजी? झाकण काढते, दिवा बघते, झाकण लावते."

"कसलं झाकण?"

"कोठीचं."

मग गहिनीनाथ उठून उभा राहिला, माजघराच्या उंबऱ्यापर्यंत गेला आणि सवयीनं तिथंच थबकला. साखराबाईनं त्याच्या पायांची चाहूल थांबलेली ऐकली. "ये की आत," ती म्हणाली. "आज घर माझं हाय. मी सांगते, ये."

बायकांनी वाट दिली. भिंतीवरचा खिळा रिकामा होता. कोपऱ्यात छातीइतकी उंच पत्र्याची कोठी उभी होती, ज्वारी साठवायची. त्यानं वरचं गोल झाकण काढलं. तळाला थोडी ज्वारी, तिच्यावर गोधडीची घडी, गोधडीवर जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यात गुंडाळलेला वायफायचा डबा, आणि कीड लागू नये म्हणून भोवती कडुनिंबाचा पाला. ज्वारी काढायचं खालचं जे तोंड असतं, त्यातून वायरी आत घेतल्या होत्या. डबा तव्यासारखा तापला होता, पण बिचारा हिरवा दिवा लावून बसला होता.

जाताना रामहरी सांगून गेला होता, की ही वस्तू भारी आहे, जपून ठेव. आणि त्या घरात जपून ठेवायची म्हणजे कोठीत. तोडीला जाताना आई चांगलं लुगडं कोठीत ठेवायची. साखराबाईनं आपले पैंजण, रामहरीचे शाळेचे दाखले, बबिताचा लग्नाचा शालू, सगळं हंगामभर कोठीतच सांभाळलं होतं. उंदीर लागत नाही, धूळ लागत नाही, चोराच्या मनात येत नाही. दिवा विझू द्यायचा नाही एवढं तिला ठाऊक होतं, म्हणून रोज सकाळी झाकण काढून ती तो बघत होती.

"पत्र्याच्या आतून ते भाईर येत न्हाई, आक्का," गहिनीनाथ म्हणाला. "कोंडलं हुतं तुमी त्याला."

"मग तू इचारलं कावून न्हाई, डबा कुठं हाय म्हणून?"

दिव्याचा रंग त्यानं विचारला, डबा बंद-चालू करायला लावला, दिवे मोजायला लावले. डबा कुठं आहे, हे विचारायचं सुचलं नव्हतं, कारण तो त्यानंच भिंतीला अडकवला होता. "चुकलंच की माझं," तो म्हणाला, आणि त्यानं डबा खिळ्याला लावला.

टीव्ही लगेच जोडला गेला. मनिषानं फोन लावला, चित्र टीव्हीवर टाकलं, आणि ओसरीच्या भिंतीवर एकदम कोपी आली: पाचटाचं छप्पर, साडीची झोळी, तिच्याभोवती टोळीतल्या बाया, आणि मध्ये बबिता. बाळाचं तोंड पडदाभर झालं. साखराबाई हातभर अंतरावर बसली होती ती गुडघ्यांवर सरकत आणखी पुढं गेली. तिनं बोट उचलून पडद्यावर बाळाच्या कपाळावर ठेवलं, नाकावरून खाली आणलं, हनुवटीशी थांबवलं.

"जावळ लई हाय," ती म्हणाली. गहिनीनाथनं आपल्या पिशवीतली वायर गुंडाळायला घेतली, ती उलगडून पुन्हा गुंडाळली.

नाव कुणालाच माहीत नव्हतं. आत्यानं ते कानात घालेपर्यंत मनातच ठेवायचं असतं. तिकडं रामहरीनं फोन बाळाच्या कानाशी नेला. साखराबाई टीव्हीतल्या कानाशी तोंड नेऊन कुजबुजायला लागली, तेव्हा मनिषानं तिचा पदर ओढला आणि आपला फोन तिच्या ओठांपुढं धरला. ह्यात बोल, तिकडं बघ, असं दोनदा सांगावं लागलं. साखराबाईनं फोनमध्ये 'कुर्र' केलं आणि हळूच नाव सांगितलं. पण फोनचा आवाज पूर्ण सोडलेला. बाळाच्या कानातलं गुपित सगळ्या अड्ड्यानं ऐकलं आणि तिकडून हसण्याचा लोट आला.

"रुक्मिणी," रामहरी तिकडून म्हणाला. "आक्का, आईचं नाव ठिवलं?"

"तोंड बघ की तिचं. दुसरं कुठलं ठिवणार?"

रामहरीला आई आठवत नव्हती. तिचं तोंड साखराबाईनंच काय ते पाहिलं होतं. त्यानं मान हलवली आणि खांद्यावरच्या पंच्यानं नाक पुसलं.

नाव ठेवून झालं की बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे, ही रीत. चौसाळ्याच्या बायकांनी ती मनापासून पाळली. साखराबाई वाकली, ओरडली, पळायला लागली, कुणीतरी तिला धरून परत मध्ये आणलं. टीव्हीतून सरस्वतीबाई ओरडून सांगत होती, की आमच्या वाटचा एक जोरात हाणा, मला इथनं पोचंना. मनिषानं तिच्या वाटचाही हाणला. दाराच्या बाहेर एवढी गडबड ऐकून शेळ्या ओरडायला लागल्या. तिकडं ट्रॅक्टरचा आवाज आला, मुकादमानं हाक दिली, आणि बाळाला झोळीत घालून माणसं उठली. पण आता कुणाचं काही अडत नव्हतं.

गहिनीनाथ वाटीभर घुगऱ्या खाऊन मांजरसुंब्याला परतला. तिथं जोडणी पुरी होईपर्यंत ढाबेवाल्यांनी त्याला काय काय ऐकवलं, पण त्याचं मन ओसरीवरच होतं. त्या हंगामात साखराबाई रोज दुपारी पाट घेऊन टीव्हीपुढं बसायची आणि कोपीवरून फोन आला की रुक्मिणीशी बोलायची. रुक्मिणी नुसती बघायची. तेवढं पुरे होतं. पाडव्याच्या सुमाराला टोळी माघारी आली. आल्यावर रामहरीनं सगळ्यात आधी बहिणीला बीडला नेऊन मोतीबिंदू काढून आणला.

आता रुक्मिणी दोन वर्षांची होत आलीय. यंदा दसऱ्यानंतर रामहरी आणि बबिता तोडीला गेले ते तिला चौसाळ्याला ठेवून. ती साखराबाईजवळ असते, तिच्या ताटात जेवते आणि तिच्याजवळ झोपते.